वाचनासाठी पुस्तक की मोबाइल?

दुसरी-तिसरीतल्या लेकराला गोष्टीची पुस्तकं आणावीत की मोबाइलवरच वाचू द्यावं? खर्चात मोबाइल जिंकतो: बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, स्टोरीवीव्हर या गोष्टींच्या संकेतस्थळावर मराठी गोष्टीही. पण छोट्या स्क्रीनवर पान सरकवताना ओळ हरवते, आणि बोट व्हिडिओकडे वळतंच.

पुस्तकात शब्दाखाली बोट ठेवता येतं. जोडाक्षरावर अडलं तर मनात तीनपर्यंत मोजा, मगच सांगा आणि अख्खं वाक्य पुन्हा वाचून घ्या. लगेच सांगितलं तर लेकरू तुमच्या तोंडाकडं बघत बसतं.

बीडकडून ऊसतोडीला निघालेल्या घरात चार्जिंगचीच पंचाईत. तिथं पिशवीत दोन पातळ पुस्तकं बरी. अक्षरं जुळवणाऱ्याला पुस्तकच. सराईत वाचणाऱ्याला गावात पुस्तकं मिळत नसतील तर मोबाइल चालेल, गोष्टी आधी डाउनलोड करून, डेटा बंद करून. आईबापाला वाचता येत नसेल तर आवाजासह असलेली गोष्ट.