मॅजिस्क + एलएसपोज्ड ८ महिने वापरून: क्रॅश माझ्या मॉड्यूलचा, एक स्टार मात्र डेव्हलपरला

अँड्रॉइड फोन रूट करून, म्हणजे त्याचा पूर्ण ताबा मिळवून, ८ महिने झाले: रूट करणारं मॅजिस्क, त्यावर इतर ॲपच्या चालण्यात बदल करू देणारं एलएसपोज्ड आणि ते बदल करणारे छोटे जोड-प्रोग्रॅम, म्हणजे ४ मॉड्यूल. फोन मस्त चाललाय. सिस्टीम पार्टिशनला (फोनच्या मूळ सॉफ्टवेअरच्या जागेला) हात लागत नाही त्यामुळे मॉड्यूल काढलं की सगळं पहिल्यासारखं, आणि बूटलूप झाला (फोन पूर्ण सुरू न होता पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत राहिला) तरी सेफ मोडमध्ये सुरू केला की मॅजिस्क सगळी मॉड्यूल आपणहून बंद करतं, हे मला दोनदा कामी आलंय.

पण लिहायचंय ते वेगळंच. तिसऱ्या महिन्यात माझं रोजचं नोट्सचं ॲप अपडेटनंतर उघडलं की लगेच बंद व्हायला लागलं, मी तावातावाने एक स्टार दिला आणि वर लिहिलं की अपडेट सोडायच्या आधी टेस्ट तरी करत जा. ते ॲप एकटा माणूस बनवतो. त्याने दुसऱ्या दिवशी शांतपणे लॉग (फोनने केलेली नोंद) मागितला, मी लॉगकॅट या अँड्रॉइडच्या टूलने तो काढून पाठवला, तर स्टॅक ट्रेसमध्ये (क्रॅशच्या वेळी कुठला कोड चालू होता त्या यादीत) त्याच्या कोडच्या अधेमधे एलएसपोज्डच्या ओळी! तोपर्यंत तो बिचारा हाताशी होते तेवढ्या फोनवर तो क्रॅश शोधत बसला होता, आणि सापडणार कुठून, तो फक्त माझ्याकडे होता. फार वाईट वाटलं.

होतं असं की अँड्रॉइडवर प्रत्येक ॲपची प्रोसेस झायगोट नावाच्या मूळ प्रोसेसपासून फोर्क होते, म्हणजे त्याची प्रत निघते, आणि एलएसपोज्ड तिथेच घुसून बसतं. एपीके (ॲपची फाइल) तीच, डेव्हलपरची डिजिटल सही तीच, पण चालताना मेमरीत मेथड (कोडचा एक तुकडा) बदललेली. माझं एक मॉड्यूल खास त्या ॲपचं बॅकग्राउंड काळं करायचं, आणि रिलीज बिल्डमध्ये आरएट (R8) हे टूल क्लास-मेथडची नावं छोटी करतं, ती अपडेटगणिक बदलू शकतात, म्हणजे मॉड्यूल जुन्या नावाला हूक करायला (त्यात आपला कोड अडकवायला) गेलं आणि हाती भलतीच मेथड लागली. डेव्हलपरच्या क्रॅश रिपोर्टमध्ये मात्र नाव त्याच्याच ॲपचं.

रूट दिसला की ॲप उघडतच नाही यावर मी पूर्वी फार चिडायचो. बँकेच्या ॲपचं मी समजू शकतो, पण साध्या नोट्सच्या ॲपने असं करणं मला आजही पटत नाही, फक्त आता एवढं कळतं की असल्या खोट्या क्रॅशला वैतागूनही कुणी ते करत असेल.

मॉड्यूल वापरत असाल तर एलएसपोज्डच्या स्कोपमध्ये (मॉड्यूल कुठल्या ॲपवर चालेल त्या यादीत) लागतील तेवढ्याच ॲपना टिक करा, सगळ्यांना नको. क्रॅश झाला तर आधी मॉड्यूल बंद, ॲप फोर्स स्टॉप, मग परत बघा. तरीही होतोय तर जरूर कळवा, पण फोन रूटेड आहे आणि कुठली मॉड्यूल आहेत हे पहिल्याच ओळीत लिहा, डेव्हलपरचे दिवस वाचतात.

मी रिव्ह्यू बदलून पाच स्टार दिले आणि कारणही लिहिलं. लॉग मॉड्यूलवाल्यालाही पाठवला, त्याने नवीन व्हर्जन काढलंय, पण मी ते परत टाकलेलं नाही.