पब क्रॉलचे पैसे: कुलाब्यात वसूल, लोअर परळला हिशेब करून

एका रात्रीत तीन बार, शेवटी एक क्लब, पुढे एक होस्ट आणि मागे पंधरा-वीस अनोळखी माणसं. मुंबईत पब क्रॉल म्हणून जे विकलं जातं ते एवढंच. तिकिटावर ‘फ्री शॉट्स’ मोठ्या अक्षरांत असतात, त्यामुळे लोक दारूचा हिशेब करत बसतात आणि तिथेच फसतात. त्या पैशांत दारू फारशी नसतेच. पैसे असतात ते दाराचे: शनिवारी रात्री साडेदहाला बाउन्सर ज्या दारावर अडवतो तिथून आत नेणारा माणूस, आणि आत गेल्यावर राखून ठेवलेलं टेबल. दाराची अडचण नसलेल्याने हे तिकीट घेऊ नये. अडचण असलेल्याला ते स्वस्तात पडतं.

पहिली चाळणी भूगोलाची लावा. पायी फिरून चार बार करता येतील असे पट्टे मुंबईत मोजके आहेत: कुलाबा-काळा घोडा, लोअर परळच्या गिरण्यांची आवारं, वांद्र्याचा पाली नाका. जाहिरातीत ‘कुलाबा ते वांद्रे, एका रात्रीत’ असं दिसलं तर पुढे वाचूही नका. आठला जमायचं आणि दीडला बार बंद, म्हणजे हातात साडेपाच तास. वीस माणसं एका बारमधून उठवायची म्हटलं की कोणी बाथरूममध्ये, कोणी बिलाच्या रांगेत, कोणी बाहेर सिगरेटवर. निघायलाच वीस मिनिटं जातात. त्यात गाड्या बोलवायच्या, त्या वेगवेगळ्या वेळी पोचायच्या. अशा दोन उड्यांत दीड-दोन तास रस्त्यावर जातात. पायी फेरीत एकदा निघालं की पुढचा बार दहा मिनिटांत येतो.

व्यवहार सगळीकडे जवळपास सारखाच. पैसे आधी यूपीआयने, मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, त्यावर जमण्याची जागा. पहिल्या बारला मुद्दाम तासभर जास्त ठेवलेला असतो, कारण आठ म्हटलं की आपली माणसं पावणेनऊला येतात. मनगटावर कागदासारखा दिसणारा पण चिवट पट्टा बांधतात. तो सैल बांधून घेऊ नका आणि मधे काढू नका. क्लबच्या दारावरचा माणूस चेहरे लक्षात ठेवत नाही, पट्टा बघतो. चिकटवलेला पट्टा एकदा सोडवला की पुन्हा नीट बसत नाही, आणि ‘अहो, मी याच ग्रुपमधला’ हे तिथल्या आवाजात कोणाला ऐकूही जात नाही.

ओळखपत्र मूळ न्या. डिजिलॉकर बहुतेक ठिकाणी चालतं. गॅलरीतला आधारचा फोटो चालेलच असं नाही. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वय २५ आणि सौम्य बीअरसाठी २१. ग्रुपमधला एखादा २३ वर्षांचा असेल तर त्याला बीअर मिळेल, पण तिकिटातला व्होडकाचा शॉट कायद्याने त्याचा नाही. काही क्लब दारावरच २५ ची अट लावतात. म्हणून पैसे भरण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारून ठेवा: शेवटच्या क्लबला वयाची अट किती, आणि तिथे अडवलं तर पैसे परत का? उत्तर ‘डोन्ट वरी, हो जाएगा’ असं आलं तर तो आयोजक सोडा. पिण्याचा परवाना १९४९ च्या दारूबंदी कायद्यापासून चालत आला आहे. विदेशी मद्यासाठी एका दिवसाचा ५ रुपयांत, वर्षाचा १०० रुपयांत, आजन्म १,००० रुपयांत. बारमध्ये तो क्वचितच कोणी मागतो, पण तो असावा असं कायदा सांगतो. नियमित पिणाऱ्याने आजन्म काढून घ्यावा, विषय संपला.

आता कुलाबा. या शहरात पब क्रॉल ही कल्पना खऱ्या अर्थाने बसते ती इथेच, कारण चालत दहा मिनिटांच्या परिघात पूर्णपणे वेगवेगळ्या जातीचे बार आहेत. रीगल सर्कलला कॅफे मोंडेगार: भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रं, ज्यूकबॉक्स, टेबलं एकमेकांना खेटून. तिथून कॉजवेवर पुढे लिओपोल्ड, १८७१ चं इराणी माणसांनी सुरू केलेलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातल्या गोळ्यांच्या खुणा तिथे अजून जपून ठेवल्या आहेत. ताजच्या मागे तुलोच रोडला गोकुळ, म्हणजे अस्सल परमिट रूम: नाइन्टी (९० मिलीचा पेग), सोडा, मसाला शेंगदाणे आणि कामापुरतं बोलणं. रीगलच्याच बाजूला वुडसाइड इन, क्राफ्ट बीअर नळावर हवी असणाऱ्यांसाठी. आणि ताजमध्ये हार्बर बार, १९३३ पासूनचा, खिडकीत गेटवे. एकाच रात्रीत गोकुळची नाइन्टी आणि हार्बर बारचं कॉकटेल, हा पल्ला दुसऱ्या कुठल्या भागात पायी जमत नाही.

इथे होस्टचा कस क्रमात लागतो. जुने कॅफे क्लबसारखे दीडपर्यंत ताणत नाहीत, आवराआवर लवकर सुरू होते. म्हणून मोंडेगार-लिओपोल्ड आधी. शनिवारी नऊनंतर लिओपोल्डला वीस जणांचं टेबल एकत्र मिळणं अवघड, त्यामुळे होस्टने आधी बोलून ठेवलं आहे की दारात उभं राहून मोजतो आहे, हे तिथे पोचल्यावर दोन मिनिटांत कळतं. हार्बर बार फेरीत असेल तर तो सगळ्यात पहिला हवा. तिथे कपडे नीट लागतात, आवाज बेतात लागतो, आणि तीन बार करून आलेल्या घोळक्याला पंचतारांकित हॉटेलचा दरवान कौतुकाने बघत नाही. गच्ची किंवा उघड्यावरचा बार असेल तर तोही दहाच्या आत: ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री १० नंतर खुल्या जागेत लाऊडस्पीकर बंद करावा लागतो. ज्याच्या यादीत ‘११ वाजता रूफटॉप पार्टी’ आहे त्याने एकतर यादी नीट बनवलेली नाही, किंवा ती गच्ची काचेने बंद केलेली आहे.

गोकुळला लोक मधल्या टप्प्यावर नेतात ते योग्यच. दर कमी, आणि बडेमियाँ त्याच रस्त्यावर. १९४६ पासूनची ही कबाबची गाडी. सीख आणि रुमाली इथेच खाऊन घ्यावी. क्रॉलमध्ये लोक आडवे होतात ते बहुतेक वेळा दारू जास्त झाली म्हणून नव्हे, जेवण राहिलं म्हणून. तिकिटात ‘स्नॅक्स’ लिहिलेले असतात ते वीस जणांत दोन प्लेट फ्राइज आणि एक मसाला पापड. चखण्याला जेवण समजू नका.

ज्याला कुलाबा ओळखीचं आहे त्याने मात्र होस्टला पैसे देण्याचं काहीच कारण नाही. ही फेरी चार मित्र स्वतः करू शकतात. चार जणांना टेबल मिळतं, आणि इथे दारावर मुलगे-मुली मोजत नाहीत. कुलाब्याचं तिकीट शोभतं ते पुण्या-नाशिकहून एकट्याने आलेल्याला, किंवा शहरात नवीन नोकरीला लागून ओळखी शोधणाऱ्याला. त्यांच्यासाठी मात्र ते उत्तम.

लोअर परळचं गणित उलटं. कमला मिलच्या आवारात आणि आसपास क्लब एकमेकांना लागून आहेत, पण खरा खर्च दारावर होतो. ‘स्टॅग’ म्हणजे नुसत्या मुलांच्या ग्रुपला एकतर प्रवेश नाही, किंवा भारी कव्हर, म्हणजे दारावर घेतले जाणारे प्रवेशाचे पैसे. कव्हर दोन प्रकारचं: एक आत खाण्यापिण्यात वळतं करता येतं, दुसरं दारातच गेलं. पाच मुलगे स्वतःहून गेले तर दुसऱ्या प्रकारचं भरावं लागण्याची शक्यता मोठी. क्रॉलच्या घोळक्यात मुलींची संख्या बरी असते, क्लबशी आधी बोललेलं असतं, म्हणून तेच पाच जण आत जातात. समजा तिकीट २,००० रुपयांचं आहे आणि त्या क्लबचं स्टॅग कव्हर तेवढंच आहे. मग बाकीचे दोन बार, शॉट आणि होस्ट फुकटात पडले. जोडपं असेल तर हे सगळं गणित कोसळतं, कारण जोडप्यांना बऱ्याच ठिकाणी ठरावीक वेळेआधी तसाही प्रवेश मिळतो.

इथेच फसवाफसवीच्या जागाही जास्त. ‘एन्ट्री समाविष्ट’ याचा अर्थ अनेकदा साडेदहाच्या आत पोचलात तर समाविष्ट. ग्रुप दुसऱ्या बारमध्ये रेंगाळला की वेळ टळते आणि दारावर पुन्हा पैसे. ‘अनलिमिटेड’ लिहिलेलं असेल तर ते एका ठिकाणी, एक तास, ठरावीक ब्रँड, हे गृहीत धरा. त्या तासात बारटेंडर एकच आणि रांग वीस जणांची. प्रत्यक्षात दोन ग्लास हाती लागतात. पुरुषांनी चप्पल, फ्लोटर, हाफ पँट घालून जाऊ नये. त्या एका कारणासाठी पूर्ण ग्रुप दारात ताटकळतो. आणखी एक, गंभीर: २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिलमधल्या आगीत १४ जण गेले. नवीन जागेत शिरल्यावर बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे ते बघून ठेवा. त्याला अर्धा मिनिट लागतो.

वांद्र्याबद्दल थोडक्यात. पाली नाक्याला जनता आणि जवळच टोटोज गॅरेज, जिथे बारच्या वर फोक्सवॅगन बीटल टांगलेली आहे. दोन्ही झकास, दोन्ही भरलेले, आणि वीस जणांना एकत्र बसवणं दोन्हीकडे अवघड. सहा जणांच्या आतला ग्रुप असेल तर जा.

आता पोटात काय जातं ते. वेलकम शॉट बहुतेकदा रंगीत आणि गोड असतो, दारू ३० मिलीपेक्षा कमीच. इतर हिशेब असा: आपल्याकडची व्हिस्की-रम ४२.८ टक्के, म्हणजे ६० मिलीच्या पेगमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल. ५ टक्क्यांच्या बीअरच्या ३३० मिली पिंटमध्ये १३ ग्रॅम. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बीअरच्या ६५० मिली बाटलीत ४१ ग्रॅम, म्हणजे एक बाटली दोन मोठ्या पेगांएवढी. ‘आपण फक्त बीअर’ म्हणणारे इथेच गडबडतात. शरीर तासाला सात-आठ ग्रॅम निकालात काढतं. दोन खरे शॉट, दोन मोठे पेग, एक पिंट, ही क्रॉलची मध्यम रात्र: ७० ग्रॅमच्या वर. ६५ किलोच्या पुरुषाच्या रक्तात दीड वाजता १०० मिलीमागे ७५-८० मिलिग्रॅम उरतं. कायद्याची मर्यादा ३०. त्याखाली यायला पहाटेचे पाच वाजतात. पहिल्या गुन्ह्याला १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. बाईक घरी ठेवा. ‘सकाळी लवकर उठून घेऊन येतो’ हेही जपून. बायकांच्या शरीरात तेवढीच दारू जास्त चढते, त्यामुळे त्यांच्या रक्तातले आकडे याहून जास्त समजा.

बिलाचं भांडण टाळायचं तर ग्रुपच्या नावावर काहीही मागवू नका. स्वतःचा ग्लास, स्वतःचा स्कॅन, तिथल्या तिथे. एकत्र बिल उघडलं की मागवणारा पुढच्या बारला निघून गेलेला असतो आणि शेवटी उरलेले तिघं त्याची दारू भरतात. मेन्यूवरच्या दरावर बारमध्ये दारूला १० टक्के व्हॅट, खाण्याला बहुतेक ठिकाणी ५ टक्के जीएसटी. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, २०२२ च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचनांनुसार तो आपोआप लावता येत नाही. नको असेल तर काढायला सांगा. वेटरला रोख देणं जास्त बरं, ते त्याच्याच खिशात जातं.

चांगला होस्ट ओळखायचा तर प्रत्येक दारातून बाहेर पडताना तो माणसं मोजतो का ते बघा. नुसतं ‘सगळे आले ना?’ असं ओरडणारा मोजत नाही. एकट्या मुलीने जायचं असेल तर आयोजकांकडून बाई होस्ट आहे का हे आधी विचारावं, आणि शेवटच्या क्लबनंतर होस्ट किती वाजेपर्यंत थांबतो हेही. बरेच जण क्लबच्या दारात सोडून काम संपलं म्हणतात. तिकिटावर तसं लिहिलेलं असतं, फक्त तळाला.

परतीचं आधी ठरवा. जाताना मेट्रो ३ ने हुतात्मा चौक गाठता येतो, पण येताना ती नाही. साडेदहाच्या सुमारास शेवटच्या गाड्या सुटतात. चर्चगेटहून शेवटची लोकल साधारण एकला, सीएसएमटीहून कर्जत-कसाऱ्याकडची बारा-सव्वाबाराच्या आसपास. म्हणजे डोंबिवली-कल्याणच्या माणसाने शेवटचा क्लब सोडून द्यायचा किंवा पहाटे चारनंतरच्या पहिल्या गाडीपर्यंत थांबायचं. कुलाब्यात रिक्षा नाहीत, काळी-पिवळी मिळते, मध्यरात्र ते पाच भाड्यावर २५ टक्के जास्त. दीडला सगळे बार एकदम सुटतात आणि अ‍ॅपवरचे भाव चढतात. सव्वाला उठलात तर तोच प्रवास बराच कमी पैशांत होतो.

तारीख निवडताना २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर तर बंद असतोच, पण निवडणूकही बघा: मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मोजणीचा दिवस कोरडा जातो. त्या आठवड्यातलं तिकीट घेतलं तर आयोजक पैसे परत न करता पुढची तारीख देतात.