शांतता शिक्षण, जागतिक शिक्षण: शिक्षकांसाठी खरंच कामाचं काय आहे

मुलांना संघर्ष हिंसेशिवाय सोडवायला आणि जगाशी आपलं नातं ओळखायला शिकवणं, या विषयावर शिक्षकांसाठी ऑनलाइन इतकं काही पडलंय की शोधायला बसलं तर अख्खी सुट्टी निघून जाते, आणि हाताला लागतं काय तर पोस्टर, कबुतराची चित्रं आणि मुलांकडून म्हणून घ्यायच्या शपथा. म्हणून जे मी स्वतः वाचलंय, वर्गात घेतलंय किंवा ज्याची माहिती नीट काढलीये तेवढ्याचाच हा रिव्ह्यू. निकष माझा एकच आहे: ॲक्टिव्हिटी संपल्यावर मुलांशी काय बोलायचं हे त्या मटेरियलमध्ये दिलंय का. खेळ कोणीही घेईल हो, पण नंतर एखादं मूल चिडलेलं असतं, एखादं गप्प झालेलं असतं, तेव्हा पुढे काय करायचं हे जे सांगतं ते चांगलं मटेरियल.

या निकषावर सगळ्यात वर माझ्यासाठी युरोप परिषदेचं (मानवी हक्कांसाठी काम करणारी युरोपीय देशांची संघटना) 'कंपास'. मानवी हक्क शिक्षणाचं हे मॅन्युअल २००२ मध्ये आलं, २०१२ मध्ये सुधारून काढलं, आणि बऱ्याच भाषांमध्ये ऑनलाइन फुकट वाचता येतं. लहान मुलांसाठी वेगळं 'कंपासितो' आहे. यातली एक ॲक्टिव्हिटी जरा सविस्तर सांगते, म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. प्रत्येकाला एक कार्ड द्यायचं, त्यावर एक भूमिका, म्हणजे कोणी बेरोजगार एकटी आई, कोणी बँक मॅनेजरची मुलगी, कोणी कागदपत्रं नसलेला स्थलांतरित. कार्ड कोणाला दाखवायचं नाही. मग सगळे एका रेषेत उभे राहतात आणि आपण एकेक वाक्य वाचायचं, जसं की 'तुम्हाला कधी पैशाची गंभीर अडचण आली नाही', 'तुमचं मत लोक ऐकून घेतात'. ज्याला आपल्या भूमिकेत ते लागू पडतं वाटतं तो एक पाऊल पुढे, बाकीचे जागेवर. शेवटी काही मुलं पार पुढे गेलेली आणि काही अजून रेषेवरच, आणि कोणाला काही समजावून सांगायची गरजच उरत नाही.

पण या मॅन्युअलची खरी किंमत आधीच्या आणि नंतरच्या भागात आहे. आधी भूमिकेत शिरायला प्रश्न दिलेत, तुझं बालपण कसं गेलं, तुझा रोजचा दिवस कसा असतो, तुला भीती कशाची वाटते, हे हळूहळू वाचायचं आणि मध्ये थांबायचं. नंतर चर्चेचे प्रश्न: पुढे जाणाऱ्यांना कधी लक्षात आलं की बाकीचे आपल्याबरोबर येत नाहीयेत, मागे राहिलेल्यांना काय वाटलं, या भूमिकेबद्दलची तुझी माहिती आली कुठून, बातम्यांतून, सिनेमातून की ओळखीच्या माणसाकडून. हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो कारण तिथे पूर्वग्रह स्वतःहून बाहेर येतात आणि कोणावर आरोप न करता त्याबद्दल बोलता येतं. एक काळजी मात्र प्रत्येक वेळी घ्या, कार्ड वाटण्याआधी बघा की एखाद्या मुलाच्या घरची खरी परिस्थिती त्याच्याच हातात कार्ड म्हणून जात नाहीये ना. भूमिका आपल्या वर्गाप्रमाणे बदलायला त्यांची मुभा आहेच, ती वापरा. कमी काय आहे म्हणाल तर उदाहरणं युरोपची आहेत आणि एका तासिकेत चर्चेसकट बसवणं अवघड जातं, शक्यतो जोडून दोन तासिका मागून घ्या, नाहीतर चर्चाच कापली जाते आणि मग त्यात काही अर्थ उरत नाही.

दुसरं नाव फार कमी शिक्षकांना माहीत असतं, आयएनईई या, युद्ध-आपत्तीच्या काळातल्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थांच्या नेटवर्ककडचं पीस एज्युकेशन प्रोग्रॅमचं साहित्य. याची सुरुवात १९९० च्या दशकाच्या शेवटी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने केनियातल्या दादाब आणि काकुमा इथल्या कॅम्पमध्ये केली होती. म्हणजे जिथे लोक खरोखर संघर्षातून पळून आलेले, वर्ग गच्च भरलेले, साधनं जवळपास शून्य, अशा ठिकाणी घडलेलं हे साहित्य आहे आणि ते पानापानावर जाणवतं. प्रोजेक्टर लागत नाही, रंगीत प्रिंट लागत नाही. क्रमही फार विचारपूर्वक लावलाय, थेट 'शांतता म्हणजे काय' वरून सुरुवात न करता आधी आपल्यातलं सारखेपण आणि वेगळेपण, मग ऐकून घेणं, मग पूर्वग्रह, दुसऱ्याच्या जागी जाऊन बघणं, सहकार्य, आणि तेव्हा कुठे वाटाघाटी आणि मध्यस्थी. दिसायला जुनं आणि रुक्ष आहे, उघडल्यावर पहिल्यांदा बंद करावंसं वाटेल, पण करू नका. लहान वर्गांसाठी तर मी आधी हेच सुचवीन.

वादाचे विषय वर्गात घ्यायचे असतील, म्हणजे चालू युद्ध, स्थलांतर, धर्म, तर ऑक्सफॅम या गरिबीविरोधात काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं शिक्षकांसाठीचं गाइड बघा. छोटं आहे पण नेमकं. शिक्षकाने कोणती भूमिका घ्यायची याचे पर्याय त्यात आहेत, निष्पक्ष अध्यक्ष व्हायचं, मुद्दाम उलटी बाजू लावून धरायची, का स्वतःचं मत आधीच सांगून टाकून मुलांना ते तपासायला लावायचं, आणि प्रत्येकाचे फायदे तोटे. आपल्यापैकी बरेच जण 'शिक्षकाने मत सांगूच नये' एवढं एकच धरून बसतात आणि मग मुलं तेच मत चेहऱ्यावरून वाचतात, त्यापेक्षा भूमिका ठरवून आत जाणं कितीतरी चांगलं. इतिहास शिकवणाऱ्यांसाठी 'फेसिंग हिस्टरी अँड अवरसेल्व्हज' ही १९७६ पासूनची संस्था आहे, होलोकॉस्टसारखा (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) विषय 'त्या वेळी साधी माणसं कशी वागली' या अंगाने कसा घ्यायचा हे तिच्याकडून शिकावं, बाकी बराचसा माल अमेरिकन शाळांसाठी आहे. 'वर्ल्ड्‌स लार्जेस्ट लेसन' दिसायला सुंदर, मुलांना आवडतं, संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांची ओळख करून द्यायला मस्त, पण संघर्षाच्या मुळाशी जायला ते पुरत नाही.

आता युनेस्को. त्यांची कागदपत्रं वर्गात वापरायची नाहीतच, ती मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवायची आहेत! मनापासून सांगतेय, 'अभ्यासक्रम सोडून हे काय चालवलंय' या प्रश्नाला याच्याइतकं चांगलं उत्तर नाही. शाश्वत विकास ध्येय ४.७ मध्ये शांततेची संस्कृती आणि जागतिक नागरिकत्व स्पष्ट लिहिलंय. १९७४ ची आंतरराष्ट्रीय सामंजस्याच्या शिक्षणाची शिफारस नोव्हेंबर २०२३ मध्ये सुधारून मंजूर झाली, म्हणजे सदस्य देशांनी ते तत्त्व म्हणून मान्य केलंय. आणि २०१५ चं जागतिक नागरिकत्व शिक्षणाचं मार्गदर्शक पुस्तक आहे त्यात पूर्वप्राथमिकपासून उच्च माध्यमिकपर्यंत कोणत्या वयाला काय शिकावं याची उद्दिष्टं दिलीत, ती आपल्या वार्षिक नियोजनात जशीच्या तशी बसतात. शाळेला जोडून घ्यायचं असेल तर १९५३ पासून युनेस्कोचं असोसिएटेड स्कूल्स नेटवर्क आहे, मात्र त्यात शाळा सभासद होते, एकटा शिक्षक नाही, आणि अर्ज आपल्या देशाच्या राष्ट्रीय समन्वयकामार्फत जातो.

कोर्सेसमध्ये माझी पसंती दक्षिण कोरियातल्या सोलच्या एपीसीईआययू या आंतरराष्ट्रीय सामंजस्याच्या शिक्षणासाठीच्या केंद्राच्या ऑनलाइन कॅम्पसला. हे केंद्र २००० मध्ये युनेस्को आणि कोरियाने मिळून सुरू केलं. कोर्स फुकट आहेत, आपल्या वेगाने करता येतात, शिक्षक म्हणून रात्री जेवणं झाल्यावर बसून करण्यासारखे. पैसे घेणारे कोर्स मात्र फार तपासून घ्या. मी एका संस्थेचा (नाव घेत नाही) पेड कोर्स केला, व्हिडिओ बघा, पाच पर्याय टिक करा, सर्टिफिकेट घ्या, बस. एकदाही कोणी विचारलं नाही की तुमच्या वर्गात काय घडलं. ज्या कोर्समध्ये तुमचा पाठ कोणीतरी वाचून त्यावर अभिप्राय देत नाही त्यावर पैसे घालू नका, तसले कोर्स फुकटातही मिळतात.

दुसऱ्या देशातल्या वर्गाशी जोडायचं असेल तर आयअर्न, म्हणजे देशोदेशींच्या शाळांना ऑनलाइन प्रकल्पांतून जोडणारं नेटवर्क. १९८८ पासूनचं, न्यूयॉर्क आणि मॉस्कोमधल्या शाळा जोडण्यापासून सुरू झालेलं, शीतयुद्ध संपलेलं नसताना, हे लक्षात घेतलं की कामाची किंमत कळते. त्यांचा टेडी बेअर प्रोजेक्ट लहान मुलांसाठी अप्रतिम आहे: दोन वर्ग एकमेकांना पोस्टाने खेळणं पाठवतात आणि पाहुणा आलेला तो अस्वल 'आपल्या घरी' पत्रं लिहितो, म्हणजे लिहितात मुलंच, पण लिहिताना त्यांना स्वतःचंच घर, शाळा, सण परक्या नजरेने बघावे लागतात. असा कुठलाही देवाणघेवाणीचा प्रकल्प घेताना सुट्ट्यांचं वेळापत्रक आधी जुळवा. दोन देशांची शैक्षणिक वर्षं वेगळी असतात, एकाची परीक्षा तेव्हा दुसऱ्याची सुट्टी, आणि समोरून उत्तर आलं नाही की मुलं फार हिरमुसतात.

संधींबद्दल. रोज बघायची एकच जागा निवडायची तर ग्लोबल कॅम्पेन फॉर पीस एज्युकेशन या मोहिमेची वेबसाइट. नेदरलँड्समधल्या हेग इथल्या १९९९ च्या शांतता परिषदेत ही मोहीम सुरू झाली, कार्यक्रम, ट्रेनिंग, नोकऱ्या, संशोधन सगळं एकत्र मिळतं, न्यूजलेटर घ्याच. अमेरिकन शांतता शिक्षणतज्ज्ञ बेटी रिअर्डन यांनी १९८२ मध्ये सुरू केलेली शांतता शिक्षणाची आंतरराष्ट्रीय इन्स्टिट्यूट पण इथूनच कळते, ती वेगवेगळ्या देशांत भरते आणि तिथे शिक्षक, संशोधक, कार्यकर्ते एकत्र राहून शिकतात.

पूर्ण खर्च मिळणाऱ्यांमध्ये रोटरी पीस फेलोशिप शिक्षकांनी नक्की बघावी. लोकांना वाटतं ती फक्त मास्टर्ससाठी आहे, तर नाही, एक वर्षाचा सर्टिफिकेट प्रोग्रॅमही आहे, त्यात सुरुवात ऑनलाइन, मग साधारण दहा आठवडे युगांडातल्या कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठासारख्या केंद्रात प्रत्यक्ष, आणि मग आपल्या गावी परत येऊन स्वतःचा प्रकल्प. म्हणजे नोकरी न सोडता रजा काढून जमण्यासारखं. कामाचा काही वर्षांचा अनुभव आणि इंग्रजी लागतं. आणि हे आधीच बघा, रोटरीचे सक्रिय सदस्य आणि त्यांची मुलं-नातवंडं अर्ज करू शकत नाहीत. कोस्टा रिकातलं युनिव्हर्सिटी फॉर पीस, १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्थापलेलं, अभ्यास उत्तम पण फी आणि राहणं दोन्ही महाग, स्कॉलरशिप हातात असल्याशिवाय मी सुचवणार नाही.

अर्जांबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायचीये. 'मला जगात शांतता नांदावी असं वाटतं' हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं, त्याने काही होत नाही. त्याऐवजी लिहा की अमुक इयत्तेत दोन गटांत भांडण होतं, मी मध्यस्थीचे पाठ घेतले, मुलांनी हे हे प्रश्न विचारले, हे जमलं आणि हे जमलं नाही. त्यासाठी आजपासून वही ठेवा, पाठाची तारीख आणि मुलांची वाक्यं जशीच्या तशी.

आणि जे आवडेल ते डाउनलोड करून ठेवा, लिंक जपून ठेवणं पुरत नाही. अमेरिकेची इन्स्टिट्यूट ऑफ पीस १९८४ पासूनची, अमेरिकन संसदेने कायद्याने स्थापन केलेली, पण २०२५ मध्ये तिचे बहुतेक कर्मचारी काढले गेले आणि काम कोलमडलं, तिच्या मटेरियलवर विसंबलेल्या शिक्षकांची केवढी पंचाईत. फाईल सेव्ह करताना लायसन्स कोणतं तेही नावातच टाका. युनेस्कोची बरीच प्रकाशनं ओपन लायसन्सखाली असतात, म्हणजे मूळ स्रोताचा उल्लेख करून त्यांचं मराठी करून दुसऱ्या शिक्षकांना वाटता येतं, परवानगीची पत्रं लिहीत बसायला लागत नाही.