नाना पेठेतून घेतलेलं हेल्मेट: सहा महिने वापरून झाल्यावर

आधी एक कबुली देतो. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा निघाला, त्यात मीही होतो. ‘डोकं माझं, फुटलं तर माझं फुटेल, सरकारचं काय जातं?’ हे तावातावाने सांगण्यात मी पुढे. आता त्याच डोक्यावर १६५० रुपयांचं हेल्मेट आहे.

फुल फेस, काळं, ५८० मिलिमीटर साइझ. दुकानदाराने टेप लावून भुवयांच्या वरून डोकं मोजलं. पहिल्यांदा घातलं तेव्हा गाल चेपून पुरीसारखे झाले. म्हटलं, मोठं द्या. तर म्हणाला, “आठ दिवसांत फोम बसेल. आत्ता सैल घेतलंत तर पडताना तुमच्या आधी हेच पळेल.” खरंच बसला. आतलं अस्तर निघतं, दोनदा धुतलं. बकल टिक करून बसतं, एका हाताने सुटतं. वाईट काय, तर पावसात काच धुकाळते आणि सिग्नलला सारखी वर करावी लागते. हॉर्न ऐकू येत नाहीत ही लोकांची तक्रार साफ खोटी. पुण्यात हॉर्न ऐकू न येण्याचं भाग्य कुठलं!

जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे. हा नियम मला लगेच पटला. आत थर्माकोलच्या नावाने पातळ स्पंज लावून ‘हेल्मेट’ म्हणून विकणं ही लबाडी आहे, तिला चाप हवाच. पण हेल्मेट घालायला लावणारं मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मलाच चाप लावतं. त्यात नीती कुठली, हा तर दंडाचा धंदा, असं माझं मत होतं. शिवाय पगडी घालणाऱ्या शीख माणसाला त्याच कलमात सूट आहे. आमच्या कट्ट्यावर लगेच पुणेरी पगडीचा अर्ज करायचं ठरलं होतं.

पैसे देताना दुकानदाराने विचारलं, “मागे कोण बसतं?”

“बायको.”

“मग एकच कसं?”

कलम १२९ मागच्यालाही लागू आहे, हे मला माहीत होतं. मोर्चात मीच ते वाचून दाखवलं होतं, हसण्यासाठी. घरी हा प्रसंग सांगितला तर ही म्हणाली, “तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला नऊ रात्री दवाखान्यात कोण होतं?” गुडघाही माझाच होता. बाकडं मात्र तिच्या वाट्याला आलं. त्यानंतर ‘डोकं माझं’ हे वाक्य मला घरात तरी उच्चारता आलेलं नाही. बाहेर अजून कधीकधी तोंडात येतं, सवय आहे.

दुसऱ्या आठवड्यात तिच्यासाठी घ्यायला पुन्हा गेलो. दुकानदाराने सात-आठ दाखवली. एकही बसेना, कारण तिचा अंबाडा. खाली वेणी घालून बघितली, मग कॉलर आडवी आली. शेवटी एक मोठं घेतलं, ते हलतं, म्हणजे फोमच्या त्या भाषणाप्रमाणे ते नसल्यासारखंच.

माझ्या हेल्मेटला पाचपैकी चार. दुकानाला पूर्ण पाच. अंबाड्याला जागा असलेलं, मार्कवालं, दोन हजारांच्या आतलं कुणी वापरत असेल तर खाली लिहा.