आठवीचं पोस्टर आणि बारा बाटल्यांचा पोस्टर कलर संच

मी माण तालुक्यात चित्रकला शिकवते. २२ मार्चच्या जागतिक जलदिनासाठी आठवीच्या मुलांकडून पोस्टर करून घ्यायचं होतं. स्केचपेन आणि तेलखडू घरोघरी असतात, तरी मी वर्गासाठी कॅमलच्या पोस्टर कलरचे बारा छोट्या बाटल्यांचे संच घेतले, चौघांत एक. हा रंग अपारदर्शक असतो. वाळलेल्या निळ्यावर पिवळा दिला तर पिवळाच दिसतो. जलरंगात ही सोय नाही आणि स्केचपेनची रेघ एकदा उमटली की उमटली. मनासारखं झालं नाही तर त्याच कागदावर पुन्हा मांडता येतं, हे कळलं की मुलं धीटपणे विचार करू लागतात.

सुरुवातीला सगळ्यांनी तेच काढलं: गळका नळ, थेंब, दोन ओंजळींत पृथ्वी. लहानपणापासून शाळेच्या भिंतींवर हेच बघितलंय, दुसरं येणार कुठून? एका मुलीचा नळ जवळपास रंगवून झाला होता. तिला सहज विचारलं, "तुमच्याकडे पाणी कुठून येतं गं?"

"टँकर येतो, बाई. आदल्या रात्रीच हंडे रांगेला लावायचे." थोडं थांबून म्हणाली, "तेच काढू का?"

तिने अख्ख्या नळावर मातकट पिवळा फिरवला. वाळल्यावर त्यावर हंड्यांची रांग आली. काही पितळी, काही प्लॅस्टिकचे, एक पोचा आलेला, प्रत्येकावर मालकाची खूण: कुठे आडनावाचं अक्षर, कुठे दोन लाल पट्टे. टँकर चित्रात नाहीच. खाली 'पाणी हेच जीवन' लिहिलेलं होतं, तेही झाकलं आणि लिहिलं, 'आमचा नंबर कधी?' माझ्या मते वर्गातलं सर्वांत चांगलं पोस्टर हेच, आणि ते त्या नळाच्या चित्राखाली दडलेलं होतं.

आता रंगाविषयी. यात डिंकासारखा बांधक असतो, त्यामुळे वाळलेला थरही पाण्याने पुन्हा सुटतो. म्हणून वरचा हात देताना पाणी कमी घ्यायचं, रंग ताकापेक्षा थोडा दाट ठेवायचा आणि ब्रश एकदाच ओढायचा. घासलात की खालचा रंग वर येऊन चिखल होतो. फार जाड लावला तर तडे जातात, कागद गुंडाळला तर पापुद्रे निघतात. हे कोणत्याही कंपनीच्या पोस्टर कलरला लागू आहे. किरमिजीवर थेट पांढरा देऊ नका, गुलाबी झाक वर येते. गडद छटा वाळल्यावर किंचित फिकट दिसतात, तेव्हा बाजूच्या चिठोऱ्यावर आधी बघून घ्या. पातळ कार्डशीट ओलीने वाकते. जाड कार्ट्रिज कागद घ्या आणि चारी कडा टेपने पाटाला चिकटवा.

पांढरा सगळ्यांत आधी संपतो, कारण फिकट छटा त्यातूनच करायच्या. त्याची मोठी बाटली सुटी घ्या. आणि पालकांनो, दुकानात छापील चित्रांचे तक्ते मिळतात, ते कापून मुलांच्या पोस्टरवर चिकटवू नका. त्या पैशांत एक चपटा ब्रश येतो.