कमी उत्सर्जनाचा कॉम्प्युटर घेताना: लॅपटॉप, मिनी पीसी आणि रास्पबेरी पाय

‘लो रेडिएशन’ छापलेला मॉनिटर आणि लॅपटॉपवर चिकटवायची ‘संरक्षक’ चकती, विद्युतचुंबकीय संवेदनशीलतेचा, म्हणजे विजेच्या उपकरणांजवळ किंवा वायफायजवळ लक्षणं जाणवण्याचा, त्रास असलेल्या माणसाला दुकानदार हमखास या दोन वस्तू दाखवतो. चकती घेऊच नका, तिने कुठलंही उत्सर्जन अडवलं जात नाही. मॉनिटरवरच्या टीसीओच्या (स्वीडनच्या कर्मचारी महासंघाच्या प्रमाणपत्राच्या) शिक्क्याला अर्थ आहे, पण थोडाच. १९९० चं स्वीडनचं एमपीआर-२ आणि पाठोपाठ आलेलं टीसीओ-९२ ही मानकं पिक्चर ट्यूबच्या जमान्यातली. स्क्रीनसमोर ३० सेंटीमीटरवर चुंबकीय क्षेत्र २०० नॅनोटेस्ला आणि विद्युत क्षेत्र मीटरला १० व्होल्ट, ही टीसीओची कमी वारंवारतेची मर्यादा. त्यातली चुंबकीय अट आजचे एलसीडी मॉनिटर सहज पाळतात, म्हणून निवड करायला शिक्का फारसा उपयोगी पडत नाही. शिवाय ही मोजणी ४०० किलोहर्ट्झला थांबते. वायफाय, ब्लूटूथ तिच्यात येतच नाहीत.

खरेदीआधी एक गोष्ट स्पष्ट असावी. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये म्हटलंय की ही लक्षणं खरी असतात आणि माणसाला जेरीसही आणतात, पण ती या क्षेत्रांमुळेच होतात याला शास्त्रीय आधार नाही. क्षेत्र चालू आहे की बंद, हे लपवून घेतलेल्या चाचण्यांत ते ओळखता आलेलं नाही. त्यामुळे डॉक्टरांची तपासणी कॉम्प्युटरसाठी अडवून ठेवू नका. आणि स्क्रीनची लुकलुक, पंख्याची घरघर यांनाही तितक्याच गांभीर्याने तपासा.

आता यंत्रं. लॅपटॉप या कामाला सगळ्यात गैरसोयीचा, कारण प्रोसेसर, व्होल्टेज बदलणारी सर्किटं आणि अँटेना हे सगळं थेट हाताखाली येतं. मिनी पीसी, म्हणजे छोट्या डब्यातला, स्क्रीन वेगळा लावायचा कॉम्प्युटर, त्याहून कितीतरी बरा. छोट्या उगमाचं चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने घटतं. उगमाच्या आकाराच्या मानाने लांब गेलात की अंतर दुप्पट झाल्यावर साधारण आठव्या हिश्शावर येतं. डबा दीड मीटरवर, अडॅप्टर त्याच्याही पलीकडे जमिनीवर आणि समोर फक्त स्क्रीन, वायरचा कीबोर्ड, वायरचा माऊस. एवढ्याने जे साधतं ते कुठल्याही महागड्या कवचाने साधत नाही. पंखा नसलेलं, कमी वॅटचं मॉडेल बघा: प्रवाह कमी तर क्षेत्रही कमी.

अडॅप्टरकडे मात्र बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. दोन पिनांच्या अडॅप्टरवर धातूच्या बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला लावा आणि कडेवरून बोटाची पाठ अलगद फिरवा. पुष्कळदा गुळगुळीत धातू खरखरीत लागतो. अडॅप्टरमधल्या गोंगाट गाळणाऱ्या कपॅसिटरमधून किंचित गळती होते आणि अर्थिंग नसल्याने बॉडी मेन्सच्या जवळपास निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहते. प्रवाह अगदी किरकोळ असतो, पण विद्युत क्षेत्र वाढतं. चार्जर काढून बॅटरीवर चालवलं की ते खाली येतं. टेबलावरच्या वापराला तीन पिनांचाच अडॅप्टर घ्या, पण नुसत्या पिना मोजून थांबू नका. काही अडॅप्टरमध्ये अर्थची पिन आउटपुटला जोडलेलीच नसते. अडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटमधून काढून मल्टिमीटर ओहमवर ठेवा, एक टोक अर्थच्या पिनला, दुसरं डीसी जॅकच्या बाहेरच्या कड्याला. काही ओहमपासून एखाद्या किलोओहमपर्यंत आकडा आला तर जोडणी आहे. नुसत्या ‘बीप’वर विसंबू नका, मध्ये रेझिस्टर असेल तर बीप वाजत नाही. भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडूनच तपासून घ्या.

वायरलेस बंद करायचे तीन मार्ग. एअरप्लेन मोड सगळ्यात कच्चा. त्यात ब्लूटूथ पुन्हा चालू करता येतं आणि काही यंत्रं ती निवड पुढच्या वेळी लक्षात ठेवतात. बायोसमधून, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधून, बंद करणं त्याहून पक्कं. सगळ्यात पक्कं म्हणजे कार्डच काढणं. वायफाय-ब्लूटूथचं हे छोटं एम.२ कार्ड एका स्क्रूवर असतं. स्क्रू काढला की ते तिरकं वर उचललं जातं. आधी त्यावरच्या दोन बारीक अँटेना वायरी टिचकीच्या बटणासारख्या सरळ वर उचलून सोडवा आणि त्यांची उघडी टोकं इन्सुलेशन टेपने गुंडाळा, नाहीतर ती मदरबोर्डला टेकून शॉर्ट होतील. खरेदीआधी कार्ड सुटं आहे की बोर्डवर सोल्डर केलेलं, ते नक्की विचारा. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ते निघत नाही.

हलक्या कामासाठी रास्पबेरी पाय ४, हा एकाच छोट्या बोर्डवरचा कॉम्प्युटर, चांगला पर्याय आहे. त्याच्या config.txt या सेटिंगच्या फाइलमध्ये dtoverlay=disable-wifi आणि dtoverlay=disable-bt या दोन ओळी टाकून रीबूट केलं की दोन्ही रेडिओ बंद. गिगाबिट इथरनेट बोर्डवरच आहे. पण त्याचा पॉवर सप्लाय सहसा दोन पिनांचा असतो, आणि ब्राउझरमध्ये जास्त टॅब उघडले की हा छोटा कॉम्प्युटर दमतो.

स्क्रीनमध्ये लुकलुक पाहा. ब्राइटनेस वीस टक्क्यांवर आणा, पांढरं पान उघडा, मोबाइलच्या कॅमेऱ्याचा शटर वेगवान करा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) चालू-बंद करून उजेड कमी केला जातोय. तो मॉनिटर घेऊ नका. ई-इंकचा (ई-बुक रीडरसारख्या, कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्याचा) मॉनिटर वाचनाला डोळ्यांना शांत वाटतो, पण मागच्या पानाची सावली राहते आणि व्हिडिओला तो कुचकामी.

राउटरचं नाव लपवल्याने प्रसारण थांबत नाही. सेटिंगमध्ये जाऊन २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही बंद करा, मगच लॅनची केबल जोडा. ती साधी, शील्ड (धातूचं आवरण) नसलेलीच असू द्या. धातूच्या कनेक्टरची शील्ड केबल दोन टोकांच्या बॉडी एकमेकांना जोडते आणि राउटरच्या अडॅप्टरची तरंगती व्होल्टेज कॉम्प्युटरपर्यंत आणते. एवढं करूनही वायफायसारख्या रेडिओ लहरी मोजणारा मीटर दर सेकंदाला दहाएक टिकटिक दाखवत असेल तर प्रिंटरकडे वळा. यूएसबीने जोडलेला असला तरी त्याचं वायफाय डायरेक्ट (राउटरशिवाय थेट जोडायचं स्वतःचं वायफाय) पुष्कळदा चालूच राहतं. ते त्याच्या स्वतःच्या मेन्यूतून वेगळं बंद करावं लागतं.