बेळगावहून हॅवलॉक: स्कूबा सहलीच्या आखणीचा अनुभव

शहरातील ज्या प्रवास कार्यालयाने आमच्या घरातील वडीलधाऱ्यांना काशी आणि रामेश्वर बिनबोभाट घडवले, त्याच कार्यालयाकडे आम्ही गेल्या जानेवारीतील अंदमानची सहल सोपवली होती. आम्ही चौघे होतो: मी, पत्नी, अभियांत्रिकीला शिकणारी मुलगी आणि मेहुणे. हॅवलॉक बेटावर स्कूबा डायव्हिंग करणे हाच सहलीचा मुख्य हेतू आहे, हे पहिल्याच भेटीत आम्ही स्पष्ट सांगितले होते. सहल चांगली झाली. मात्र ती ज्या कारणांनी चांगली झाली त्यांतील बरीचशी कार्यालयाने दिलेल्या कागदावर नव्हती, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

कागदावरचा कार्यक्रम वरवर पाहता सुटसुटीत होता. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बेंगळूरु, तेथून पोर्ट ब्लेअर, सेल्युलर जेल, मग हॅवलॉक, नील बेट, आणि सहाव्या दिवशी सकाळी पोर्ट ब्लेअरजवळच्या नॉर्थ बे येथे स्कूबा ‘उरकून’ दुपारी दीडचे परतीचे विमान. मुलीला केवळ फोटोपुरते पाण्यात उतरायचे नव्हते, तिला ‘ओपन वॉटर’ हा प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम करायचा होता. त्यासाठी तिने हॅवलॉकमधील एका डायव्हिंग केंद्राला स्वतःच फोन लावला. तिकडच्या बाईंनी नाव विचारण्याआधी विचारले, ‘परतीचं विमान कधी आहे?’

या एका प्रश्नाने आमचा सगळा कार्यक्रम उलटा झाला. पाण्याखाली दर दहा मीटरला वातावरणाच्या एकपट दाब वाढतो आणि त्या दाबाखाली श्वासातील नायट्रोजन अंगात मुरत जातो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. पण त्याआधीच माणूस विमानात बसला, तर आतला दाब कमी असल्यामुळे त्याच नायट्रोजनचे बुडबुडे सांध्यांत आणि रक्तात तयार होण्याचा धोका असतो. म्हणून एकदाच बुडी मारली असेल तर किमान १२ तास आणि अनेक बुड्या झाल्या असतील तर किमान १८ तास विमानप्रवास करू नये, असा सर्वमान्य दंडक आहे. बहुतेक केंद्रे पूर्ण दिवस मोकळा ठेवायला सांगतात. हे कार्यालयात जाऊन सांगितले तेव्हा उत्तर मिळाले, ‘काका, अर्धा तास पाण्यात जायचं अन् यायचं, त्याला काय हुतंय?’ शेवटी हॅवलॉक आधी आणि सेल्युलर जेल शेवटी असा बदल झाला खरा, पण त्यासाठी त्यांनी बदलाचे वेगळे शुल्क घेतले. चूक त्यांची आणि भुर्दंड आम्हाला, ही गोष्ट मला अजूनही पटलेली नाही.

दुसरी चूक अधिक महागात पडली. डायव्हिंगपूर्वी प्रत्येकाला प्रकृतीविषयक प्रश्नावली भरावी लागते: दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, सायनस, चालू असलेली औषधे. एकाही महत्त्वाच्या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर आले की डॉक्टरांच्या सहीचे पत्र लागते. ही प्रश्नावली केंद्राने कार्यालयाच्या पत्त्यावर तीन आठवडे आधी पाठवली होती, असे आम्हाला तिथे पोहोचल्यावर समजले. मेहुण्यांना तरुणपणी दमा होता. त्यांनी प्रामाणिकपणे ‘होय’ लिहिले आणि त्यांची बुडी तिथेच संपली. बेळगावात आमचे नेहमीचे डॉक्टर दोन गल्ल्या पलीकडे बसतात. फॉर्म वेळेवर हाती आला असता तर हो की नाही याचा निकाल घरीच लागला असता. केंद्राने आमच्या विनवण्यांना दाद दिली नाही. त्या क्षणी राग आला, पण आज त्या केंद्राला मी सर्वांत जास्त गुण देईन ते याच नकारासाठी.

अभ्यासक्रमाचा लेखी भाग घरबसल्या ऑनलाइन करता येतो, हेही कार्यालयाला ठाऊक नव्हते. मुलीने तो घरीच पुरा केल्यामुळे बेटावरचा जवळजवळ एक दिवस वाचला. या अभ्यासक्रमासाठी २०० मीटर पोहणे आणि दहा मिनिटे तरंगणे आवश्यक असते. बेळगावातील गोवावेसच्या पोहण्याच्या तलावात लहानपणापासून घालवलेल्या उन्हाळी सुट्ट्या तिच्या तिथे कामी आल्या. आम्हा उभयतांसारख्या एकदाच अनुभव घेणाऱ्यांना पोहता येण्याची अट नसते, प्रशिक्षक शेवटपर्यंत बरोबर असतो आणि खोलीची मर्यादा १२ मीटर असते.

कार्यालयाच्या बाजूनेही लिहिलेच पाहिजे. फेरीबोटीची तिकिटे, खोल्या आणि बंदरावरची गाडी यांत कुठेही मिनिटाची चूक झाली नाही. हॅवलॉकचे नाव २०१८ मध्ये स्वराज द्वीप आणि पोर्ट ब्लेअरचे २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाल्यामुळे जुन्या-नव्या नावांचा घोळ होतो, त्याचीही त्यांनी नीट कल्पना दिली होती. अंदमानात सूर्य आपल्यापेक्षा तासाभराहून अधिक आधी मावळतो, म्हणून सगळे कार्यक्रम पहाटेपासून आखले होते, हेही योग्यच.

प्रत्यक्ष बुडीबद्दल थोडे. छातीभर पाण्यात गुडघे टेकवून अर्धा तास सराव झाला: मुखवट्यात शिरलेले पाणी नाकाने फुंकून बाहेर काढणे, नाक चिमटीत धरून कानांतला दाब मोकळा करणे, आणि कोणत्याही परिस्थितीत श्वास रोखून न धरणे. अंगठा वर केला की ‘छान’ नव्हे, ‘वर चला’ असा अर्थ होतो. पत्नीने आनंदाने अंगठा दाखवला आणि प्रशिक्षकाने तिला इमानेइतबारे वर नेले. खाली नीमो रीफवर समुद्रफुलांच्या झुबक्यातून विदूषक मासे डोकावत होते, पण माझी नजर खिळली ती पत्नीच्या मनगटावर. देवीचा लालभडक दोरा तिथे काळपट तपकिरी दिसत होता, कारण पाण्यात लाल रंग सर्वांत आधी विरतो. प्रशिक्षकाने विजेरीचा उजेड टाकताच तो क्षणात पुन्हा लाल झाला.

आपल्या भागातील वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. उड्डाणाबाबतचा दंडक साधारण दोन हजार फुटांपासून वरच्या उंचीला लागू धरतात, आणि बेळगाव अडीच हजार फुटांच्या आसपास आहे. मालवणला किंवा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर डायव्हिंग करून त्याच संध्याकाळी घाट चढून घरी येणारे कितीतरी जण माझ्या ओळखीत आहेत. उथळ बुडीत धोका कमी असला तरी घाट कधी चढायचा हे केंद्राला विचारूनच ठरवावे, आणि शक्य असेल तर रात्र किनाऱ्यावर काढावी.

मेहुण्यांनी परत आल्यावर फुप्फुसांची तपासणी करून घेतली आणि त्यांना डॉक्टरांचे पत्र मिळाले. पावसाळ्यानंतर नेत्राणीच्या बोटी सुरू झाल्या की जायचे ठरले आहे. या वेळी मुरुडेश्वरचा मुक्काम मीच ठरवला असून प्रश्नावलीही थेट माझ्याकडे मागवली आहे. बेंगळूरुहून येणाऱ्या मुलीचे तिकीट तेवढे त्याच कार्यालयाकडे दिले आहे.